दोन्ही नंबर राहतील

—नाही म्हणजे नाही! लेखी कळवलं होतं ना तेच, मग घर शोधत कशाला आलात? बसा, आलाच आहात तर — ते कपडे सरकवा, ओले नाहीत — पण तुमचा बदल मी आत घेणार नाही. माझी ही कोडची लायब्ररी सगळ्यांसाठी खुली आहे, कबूल. कुणीही वापरा, कुणीही सुधारणा पाठवा. पण आत काय घ्यायचं ते मी ठरवते. या इस्त्रीच्या टेबलावर बसून लिहिलीय मी ती, तुमच्या कंपनीच्या काचेच्या केबिनमध्ये नाही.

वेग? वाढलाय की! मी कुठे नाही म्हणतेय? वाचलाय मी तुमचा कोड, ओळ न् ओळ. हात स्वच्छ आहे तुमचा. पण वेग आला कुठून, ते सांगा ना — थांबा, मीच सांगते. माणूस वेबसाइटवर फॉर्म भरतो, तो येतो एका लांबच लांब ओळीत, आणि माझी लायब्ररी तो सुटा करते — हे नाव, हा पत्ता, हा फोन. आता फोनचे रकाने दोन असले, आणि दोन्हींचं नाव ‘फोन’च असलं, तर? मी दोन्ही ठेवते. तुम्ही फक्त शेवटचा ठेवता. आधीचा पुसून टाकता! मग काय, पळणारच ते. ओझं फेकून दिलं की मीसुद्धा पळेन. हसू नका. आणि पुसताना सांगतही नाही ते कुणाला, गुपचूप पुसतं — त्याचाच मला राग आहे.

दोन नंबर कोण देतं? देतात हो! आई देते, बाप देतो. शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर माझा, दुसरा त्याचा. त्यांचं सॉफ्टवेअर माझं नाही, पण अक्कल अगदी तुमच्यासारखी — शेवटचा ठेवला. परवा पोरगी झोपाळ्यावरून पडली, हात मोडला, शाळेने फोन लावला तो त्याला. मी इथे, फोन समोर, आणि मला कळलं कधी? प्लास्टर घालून झाल्यावर! “तुझा नंबरच नाही त्यांच्याकडे,” म्हणाला. नाही कसा? मी स्वतः भरला होता! — असो. तुम्हाला काय करायचंय ते.

आणि पोरीच्या बापाला जाऊन सांगा, ओळखलं म्हणावं मी. अहो, कोड तपासायला लिहिलेल्या तुमच्या चाचण्यांमध्ये खोट्या माणसाचं नाव काय, तर भोपळा! भोपळा, राहणार वेलीवर! असं लिहिणारा एकच माणूस माहितीये मला. ही लायब्ररी सुरू केली तेव्हा शेजारी बसून हेच लिहायचा नि स्वतःच हसायचा. मीही हसायचे. मग घर सोडलं, तुमच्या कंपनीत गेला, आणि आता तुमच्या नावाने — काय? त्याने नाही लिहिलं? तुम्ही? सगळं तुम्हीच? मग तो भोपळा कुठून — त्याने शिकवलं?

घरी. तुमच्या दोघांच्या घरी.

अच्छा. म्हणजे परवा शाळेत धावत गेलेली ती मावशी तुम्ही. पोरगी सांगत होती — डॉक्टर सुई टोचत होते तर मावशीने दुसरा हात धरून ठेवला, रडू नको म्हणाली नाही, रडू दिलं. मी म्हटलं, जेव गुपचूप.

आभार मानायला हवेत, कळतं मला. मानते. पण तो हात मी धरायचा होता! तुम्ही जायचं नव्हतं असं नाही म्हणत — मलाही कळायला हवं होतं. आता सांगा, घेऊ हा बदल आत? आणि तुमच्यावर राग आहे म्हणून अडवतेय असं समजू नका. राग आहे, भरपूर आहे! पण तुमच्या जागी माझी सख्खी बहीण असती तरी हेच ऐकून गेली असती. जा, दोन्ही नंबर ठेवून वेग आणून दाखवा. जमेल तुम्हाला. जमलं तर मी स्वतः आत घेईन, तुमच्या नावासकट.

नाही, पाणी नाही, चहा नाही, उठा आता. पोरगी आत झोपलीय, उठेल एवढ्यात. तुम्हाला बघितलं तर धावत येईल — ते मला आज बघायचं नाही. निघा.