एक नाराज कामगार

धाकटा : एवढंच सांग ताई, तो शब्द तुझा की साहेबांचा?

ताई : आधी आत ये. जिन्यात ओरडू नकोस, शेजारी ऐकतायत.

धाकटा : ऐकू देत! पेपरात छापून आलंय, आता शेजाऱ्यांपासून काय लपवतेस? ‘एका डिसग्रंटल्ड कामगाराने मशीन बंद पाडलं.’ डिसग्रंटल्ड! म्हणजे नाराज, असंतुष्ट. कंपनीची इंग्रजी निवेदनं कोण लिहितं? माझी सख्खी बहीण.

ताई : तुझं नाव टाकायचं होतं त्यांना. मी भांडून काढायला लावलं.

धाकटा : फार उपकार झाले! अख्ख्या कारखान्याला ठाऊक आहे मशीन कोणी थांबवलं. का थांबवलं, ते कुठेय त्यात? हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते त्या प्रेस मशीनला. माल भराभर निघावा म्हणून तुमच्या साहेबांनी ती काढायला लावली. माझ्या शेजारच्या माणसाची तीन बोटं गेली. मी ती रुमालात गोळा केली, ताई.

ताई : माहितीये मला.

धाकटा : माहीत असून लिहिलंस?

ताई : त्यांना ‘गुंड’ म्हणायचं होतं तुला. मीच म्हटलं, जरा सौम्य शब्द घेऊ.

धाकटा : सौम्य म्हणे! लहानपणी तूच हा खेळ शिकवलास ना? इंग्रजी शब्दाचं डोकं उडवायचं आणि धड चालतं का बघायचं. गबाळा माणूस ‘अनकेम्प्ट’ असतो, पण नीटनेटक्याला ‘केम्प्ट’ कोण म्हणतं? कामात ढ असलेले ‘इनेप्ट’ असतात, हुशार ‘एप्ट’ सापडत नाहीत. हसून हसून लोळायचो आपण. मग आता सांग, मी ग्रंटल्ड कधी होतो? इतकी वर्षं मान खाली घालून राबलो, तेव्हा दिलंत का पेपरात, ‘आमचा एक ग्रंटल्ड कामगार’?

ताई : तसं कोणी म्हणत नाही रे.

धाकटा : का म्हणत नाही? कारण मुकाट राबणाऱ्यासाठी शब्द लागतोच कुणाला! आपल्याकडे तरी वेगळं काय? माणूस नाराज होतो, ‘राज’ होत नाही. बेफाम होतो, ‘फाम’ कोणी नसतो. बिघडला, की मगच दिसतो तुम्हाला.

ताई : ग्रंटल्ड म्हणजे खूश, असं नाहीये मुळात.

धाकटा : मग?

ताई : पूर्वी ‘ग्रंटल’ म्हणजे कुरकुरणं. यातला ‘डिस’ नकाराचा नाही, जोर द्यायला आहे. सारखी कुरकुर करणारा.

धाकटा : आणि हे तुला लिहिताना ठाऊक होतं?

ताई : ...हो.

धाकटा : वा! माणसाची बोटं तुटली म्हणून मशीन थांबवलं, ती माझी कुरकुर!

ताई : मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं. याहून वाईट.

धाकटा : लिहू द्यायचं! परक्याने शिवी दिली तर मी दोन परत देईन. तुला काय देऊ?

ताई : बस ना जरा. पाणी तरी घे.

धाकटा : नको. हॉस्पिटलात जायचंय. त्याची बायको पेपर घेऊन बसलीये. म्हणते, भावजी, मला इंग्रजी येत नाही, आमच्याबद्दल काय छापलंय ते वाचून दाखवा. जातो.

ताई : थांब.

धाकटा : कशाला?

ताई : थांब म्हणते ना! बस तिथे. आण तो तुझ्या हातातला पेपर इकडे, नंबर असेल त्यात.

(ती फोन लावते.)

ताई : हॅलो, बातम्या बघणारं कोणी आहे का?... आज तुमच्याकडे कारखान्याचं निवेदन छापून आलंय, मशीन बंद पाडल्याचं. ते खोटं आहे... नाही, छपाईची चूक नाही. खोटं आहे. जाळी काढलेल्या मशीनमध्ये एकाची बोटं गेली, म्हणून दुसऱ्याने ते थांबवलं. घ्या लिहून... हो, जाळी काढायला सांगितली तेव्हा मी त्याच खोलीत होते.

धाकटा : ताई, नोकरी जाईल तुझी.

ताई : गप्प बस!... तुम्हाला नाही हो, भावाला... नाही, युनियनची नाही मी. ते निवेदन मीच लिहिलं होतं.