पिवळ्या रंगाचा डबा

वादळात फुटलेल्या होड्यांच्या बदल्यात संस्थेने नव्या होड्या दिल्या होत्या. संस्थेच्या कार्यालयात रांगेत माझ्यापुढे एक मासेवाली होती.

"दादा, होडी झकास आहे. फक्त पिवळ्या रंगाचा एक डबा द्या."

"मावशी, निळा रंग लावूनच दिलीय की."

"चाळीसच्या चाळीस निळ्या दिल्यात. किनाऱ्यावरून आमची कुठली ते कळत नाही. वादळ झाल्यापासून होडी परत दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. काल तर दुसरीच्याच नवऱ्याला हात करत उभी राहिले."

"मग त्यांनी काय केलं?"

"त्यानेही केला, मेल्याने."

"बरं, देतो डबा. अर्जात कारण काय लिहू?"

"लिहा, नवरा ओळखण्यासाठी."

मागून एक बाई म्हणाली, "माझंही कारण तेच लिहा. रंग तेवढा लाल."