ज्ञानोबाच्या छातीतली बॅटरी

"हॅलो?… हाव, नागप्पाच बोलून राहिलो. ज्ञानोबा, पोचलास का नांदेडच्या दवाखान्यात?… अन् पुनम?… बरं झालं, लेक सोबत हाय ते."

उदगीरच्या आपल्या कापडदुकानात नागप्पांनी हातातलं लुगडं बाजूला ठेवलं. सप्त्याच्या कीर्तनात टाळ धरून उभा असलेला हा दोस्त भर अभंगात कोसळला होता. तेव्हापासून फोन वाजला की ते गिऱ्हाइक सोडून आधी फोन उचलत.

"काय म्हणला डॉक्टर?… पेसमेकर! अरे, मग बसवून घे की. माझ्या छातीत हायच ना… सही करणार न्हाईस? का बरं?… कोणाची स्कूटर?… तुझ्या गल्लीतल्या मारोतीची? ती बॅटरीवाली पेटली म्हणून तू… हसत न्हाई रे, ऐक. अरे ऐक ना! ती बॅटरी येगळी, ही येगळी. तिच्यात पातळ रसायन, रॉकेलवानी भडकतंय. माझ्या डबीतली सॉलिड-स्टेट हाय… म्हंजे आत पातळ काईच न्हाई, सगळं घट्ट. डॉक्टरीणबाईनं चित्र काढून दाखवलं होतं मला. तुला बी तसलीच बसवणार… इचारलंस? तसलीच ना? मग! आता स्कूटरला बी तसलीच आणायची खटपट चालू हाय म्हणं.

"कीर्तनातल्यावानी सांगू का?… समई कलंडली तर तेल सांडतंय. खडीसाखरेचा खडा कलंडला तर काय सांडंल?… हां! वर गळ्यात माझं इष्टलिंग, खाली ती डबी. दोघांचं कधी भांडण न्हाई… काय?… खडीसाखर इस्तवात टाकली तर?"

साखर इस्तवात कशी फसफसते अन् काळी पडून पेटते, हे नागप्पांना काय ठाऊक नव्हतं? टाळकऱ्यानं आज बुवा होऊ पाहणाऱ्या दोस्ताचा दृष्टांत त्याच्यावरच उलटवला होता. पुढ्यातल्या गिऱ्हाइकाला त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं.

"हाय रे, इथंच हाय… न्हाई, तुला खोटं कसं सांगू? तिच्यातून आपोआप आग निघत न्हाई, हे खरं. पण तिलाच आगीत घातलं तर फुटती. घट्ट असली तरी फुटती… हाव. चितेवर. अग्नी द्यायच्या आधी काढावी लागती. आमच्या लिंगायतांत मेलेल्याला जाळत न्हाईत, मातीत बसवत्यात, म्हणून मला तो घोर न्हाई…

"म्हंजे तुझं भ्या हे होतं व्हय? अन् मघापासून मारोतीची स्कूटर सांगून राहिलास!… हाव, अग्नी पुनमच देणार. दुसरं कोण हाय तुला?… फुटली तर जवळ तीच असणार, खरं हाय… म्हणून जगायचंच न्हाई का, येड्या? तिला सांगून ठेव… जमंना? तोंडातून निघंना?… बरं. दे तिच्याकडं. मी सांगतो. दे रे फोन!"

नागप्पांनी डोळे मिटले. आयुष्यभर कीर्तनातून मरणाच्या गोष्टी मान डोलवून ऐकलेला हा माणूस. पण दोस्ताच्या लेकीला तसली गोष्ट सांगायची म्हणताच त्यांनी गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवली.

"पुनम, माय… नागप्पाकाका. आधी हे ऐक, बाबाला त्या डबीनं काई होणार न्हाई. बसवायचीच हाय ती. पण लई वर्सांनी, त्याची येळ आली की… ऐक ना, माय… अग्नी द्यायच्या आधी डॉक्टरला सांगून ती काढून घ्यायची. बाकी सगळे इसरले तरी तू इसरायचं न्हाई… रडू नको… बरं, रड. पण ध्यानात ठेव… ठेवशील?… शाब्बास.

"बाबा ऐकून राहिला का?… काय म्हणतोय?… पेन? अगं, मग दे की!… चष्मा घरी इसरला? हात्तिच्या! कुठं सही करायची ते बोट ठेवून दाखव त्याला… हां… झाली?… मग नेऊ दे आता. न्हाई, माझ्याशी बोलायला थांबवू नको त्याला. ठेवतो मी."