दवाचा दोष

(सिलतऱ्याच्या एका लोखंड-कारखान्यामागचं कामगारांचं कॉर्टर, तिसरा माळा. सकाळ. प्रफुल्ल रातपाळीहून आलेला. त्याची आई कमला शिलाई मशीनवर, बायको भावना माहेरी जायला बॅग भरतेय. त्यांची लहान मुलगी मीरा आत झोपलेली.)

प्रफुल्ल : आई, तू तरी सांग तिले. दिवाळी झाली की दरसाल हेच होते. थंड हवा जड असते, खाली बसून राहते. धुरावर झाकण पडल्यासारखं होते. मग तो वर जाईन कसा?

कमला : तू सांगतलं ना बापा. मागच्या साली सांगतलं, त्याच्या मागच्या सालीही सांगतलं. तुह्या साहेबानंही तुह्या प्लांटची इतकी वकिली केली नसन.

भावना : आई, मीराची वाफेची मशीन दिसून नाही राहिली.

कमला : माह्या उशाशी आहे. झोपू दे तिले अजून. पहाटे डोळा लागला पोट्टीचा.

प्रफुल्ल : ट्रक चालतात दिवसभर, धूळ उडते. वरून दव पडते, ते धूळ चिकटवून ठेवते. म्हणून सकाळी गच्ची काळी दिसते. यात प्लांटचा काय दोष?

कमला : दवाचा दोष म्हणतं तू. बरं. हे पाह्य.

प्रफुल्ल : काय आहे?

कमला : टाचण्या वेचाचा चुंबक. काल सांजी गच्चीच्या कठड्यावर विसरली होती मी. सकाळी पाह्यलं तं त्याले काळ्या भुकटीची दाढी फुटलेली. रस्त्याची माती चुंबकाले कधीपासून चिकटाले लागली?

प्रफुल्ल : ट्रकातून लोखंड सांडते ना.

कमला : तिसऱ्या माळ्यावर सांडते? मोठा दानशूर ट्रक आहे.

भावना : छोड़ो ना आई. इनको सब पता है.

प्रफुल्ल : थंडीचं मी खोटं सांगून राहिलो काय? कोनालेही विचार.

कमला : खोटं कुठं म्हणते मी. लहानपणी लाडू चोरून खाय, अन् सांगे, मुंग्यांनी खाल्ले. डबा उघडला तं मुंग्या खरंच राहत. तुह्या खोट्यात दरवेळी थोडं खरं असते, म्हणून तं पकडता येत नाही.

प्रफुल्ल : आता लाडू कुठून आले मधात?

कमला : मले एक समजाव. मागच्या हप्त्यात प्लांटवर धुराचे तपासणीवाले आले होते, रात्रीही थांबले. थंडी तितकीच, दवही तितकंच. विहारात नेसाची माही पांढरी साडी रातभर गच्चीवर होती. पांढरीच्या पांढरी उतरली. त्या रात्री झाकण कोणी उचललं होतं?

भावना : आता बोला ना.

प्रफुल्ल : धूर गाळाची मशीन बिजली लई खाते. अंधारात धूर दिसत नाही कोनाले. म्हणून रात्री बंद ठेवतात.

कमला : ठेवतात. कोण ठेवते?

प्रफुल्ल : कंट्रोल रूममधून होते ते.

कमला : रूम म्हणजे खोली. खोलीले हात नसतात, प्रफुल्ल.

प्रफुल्ल : माह्या पाळीत मी करतो. बटन माह्याजवळ आहे, हुकूम नाही. मी नाही म्हटलं तं उद्या त्या खुर्चीवर दुसरा बसलेला राहीन. हे कॉर्टर, मीराची दवाई, सगळं त्याच नोकरीवर आहे.

भावना : बेटी की साँस छीनते हो, फिर उसी कमाई से बेटी की दवाई लाते हो. वा.

प्रफुल्ल : मले बरं वाटते काय? कालही बटन दाबताना तिचा खोकलाच ऐकू येऊन राहिला होता.

भावना : आणि दाबलं.

प्रफुल्ल : दाबलं.

कमला : मशीनच्या आवाजात ऐकू आला, हेही नवलच.

प्रफुल्ल : थंडीपुरती जा मग डोंगरगडले, तुह्या बाबाकडे. फागुन लागला, हवा तापली, की धूर वर जाते. तवा घ्याले येतो.

भावना : वर जाऊन कुठे जातो तो?

प्रफुल्ल : पसरते. दूर जाते.

कमला : दूर म्हणजे कोणाच्या तरी गच्चीवरच ना.

प्रफुल्ल : आई, तू थांबव ना तिले. तुहं ऐकते ती.

कमला : भावना, बॅगीत जागा आहे काय?

भावना : थोडी आहे. काय ठेवाचं?

कमला : माही पांढरी साडी. पौर्णिमेले तिकडच्याच विहारात नेसीन.