मी काढलेला ‘ळ’

जबाब

माझे नाव मैत्री धम्मरत्न ओव्हाळ, वय २९ वर्षे, धंदा खासगी नोकरी (बोर्ड व रेडियम स्टिकरच्या दुकानात डिझाइनचे काम), राहणार पुनावळे, पुणे. मी आज रोजी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर आई केसरबाई आणि धाकटा भाऊ संघर्ष यांच्यासह राहते. वडील कंपनीत कामगार होते, ते आता हयात नाहीत. निगडीच्या बस टर्मिनसजवळ करीमचाचांचे बोर्डाचे दुकान आहे, तिथे मी काही वर्षांपासून कामाला आहे. दुकानात करीमचाचा, त्यांचा मुलगा आफताब आणि मी असे तिघेच आहोत. मी संगणकावर अक्षरे तयार करते, आफताब ती मशीनवर कापतो आणि शिडीवर चढून बोर्ड लावतो. परवा पोलिसांनी आफताबला दुकानातून नेले. उद्या त्याची कोठडी वाढवून मागणार असल्याचे समजले. त्याने काही केलेले नाही. ज्याच्या हातून हे झाले त्याचे नाव मला माहीत आहे आणि तेच सांगायला मी आले आहे. पण नाव आधी लिहिले तर पुढचे कोणी वाचणार नाही, म्हणून क्रमाने सांगते. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी मला दोनदा बसायला सांगितले. मला आज बसून बोलणे जमत नाही, म्हणून मी उभी राहून सांगत आहे.

चाकणजवळच्या एका गोडाऊनमध्ये ब्रेक लायनरची नकली खोकी सापडली, असे मला कळवण्यात आले. खोक्यांवर ज्या कंपनीचे नाव आहे तिने फिर्याद दिली आहे. खोकी छापण्याची फाइल गोडाऊनमधल्या लॅपटॉपवर मिळाली आणि त्या फाइलवर बनवणाऱ्याचे नाव आफताब आणि खाली आमच्या दुकानाचे नाव निघाले. याबाबत सांगते की, आमच्या दुकानात संगणक एकच आहे. डिझाइनचे सॉफ्टवेअर टाकताना नाव विचारले, तेव्हा समोर आफताब बसला होता, म्हणून त्याचे टाकले. तेव्हापासून माझी प्रत्येक फाइल त्याच्या नावाने निघते, आणि पुढे दुसऱ्या कोणी तिच्यात भर घातली तरी नाव तेच राहते. मी कोणाची लग्नपत्रिका केली तरी ती आफताबने केलेली दिसते. “काम ताईचं, नाव माझं,” असे तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. परवा त्याला नेताना तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलला, पण जीप चालू होती, मला ऐकू आले नाही.

सदर कंपनीची अक्षरे आमच्या संगणकावर कशी आली ते सांगते. त्या कंपनीच्या एका अधिकृत विक्रेत्याने निगडीत दुकान काढले. त्याला बोर्ड हवा होता, ‘मूळ सुटे भाग येथे मिळतील’ असा, आणि अक्षर अगदी कंपनीचे हवे होते. मूळ फाइल मागितली तर म्हणाला, कंपनी मेलवर पाठवणार आहे. आमच्या धंद्यात ही फाइल कधीच येत नाही. उद्घाटन उद्यावर आलेले असते आणि गिऱ्हाईक मोबाइलमधला फोटो पुढे करून “असंच पाहिजे” म्हणते. मग आम्ही कंपनीची वेबसाइट उघडतो. वेबसाइट दिसावी म्हणून तिची अक्षरे आपल्या संगणकावर एका कॉम्प्रेस केलेल्या फाइलमधून येतात. ती फाइल आम्ही उतरवून घेतो, साध्या फॉन्टमध्ये बदलतो आणि मग हवी ती अक्षरे ‘कर्व्ह’ करतो. कर्व्ह केले की ते अक्षर टाइप करता येत नाही, पण त्याची प्रत्येक रेघ हाताने ओढता येते, वाकवता येते आणि मशीनला कापता येते. दुसऱ्याची अक्षरे अशी घेणे चालते का, असे समोर बसलेल्या तपासी साहेबांनी विचारले. चालते की नाही मला माहीत नाही. सगळे चालवतात.

नवीन फॉन्ट आला की मी आधी माझे आडनाव टाइप करून बघते. ही माझी सवय आहे. त्या दिवशी ‘ओव्हा’ आले आणि ‘ळ’च्या जागी रिकामा चौकोन आला. वेबसाइट लवकर उघडावी म्हणून ज्या अक्षरांची गरज नाही ती फॉन्टमधून काढून टाकतात. त्या कंपनीची वेबसाइट इंग्रजी आणि हिंदीत आहे. हिंदीला ‘ळ’ लागत नाही, म्हणून तो त्यांनी काढला होता. आमच्या बोर्डावर तर दोन ‘ळ’ होते, त्यामुळे तो मला स्वतः काढावा लागला. मी ‘ठ’ कर्व्ह केला, त्याची वरची दांडी कापली, खालचा गोल उचलला, त्याच गोलाची कॉपी शेजारी ठेवली आणि दोन्ही जोडले. करीमचाचांनी मागून बघितले आणि म्हणाले, “बेटा, ये ळ है के चष्मा?” आफताब जेवता जेवता उठून आला आणि तोही हसला. मला राग आला होता. पण चाचांचे बरोबर होते. दोन्ही गोल एकसारखे होते आणि दांडी कापल्याची बारीक खाच उजव्या गोलावर जोडताना बुजली होती, पण डाव्या गोलाच्या डोक्यावर राहून गेली होती. मी तो ‘ळ’ पुसला आणि दुसऱ्या दिवशी नवीन काढला. नवीन ‘ळ’चा उजवा गोल लहान आहे आणि त्याला खाच नाही. विक्रेत्याच्या बोर्डावर तोच आहे. बोर्ड अजून लागलेला आहे, कोणीही जाऊन बघावा.

काल तपासी साहेबांनी करीमचाचांना आणि मला बोलावून जप्त केलेले एक खोके दाखवले. त्यावर ‘मूळ सुटे भाग’ असे छापले आहे. ‘हे अक्षर तुमच्या दुकानातले आहे का,’ असे मला विचारले. मी ‘सांगता येत नाही’ असे उत्तर दिले. ते खोटे होते. खोके टेबलावर ठेवताक्षणी मला तो ‘ळ’ दिसला. दोन गोल सारखे, आणि डाव्या गोलावर खाच. हजारो खोक्यांवर माझी ती खाच छापलेली आहे. चाचांना चष्म्याशिवाय जवळचे दिसत नाही आणि काल ते घाईत चष्मा विसरून आले होते, म्हणून त्यांना कळले नाही.

चष्म्यासारखा ‘ळ’ आमच्या संगणकावर एकच दिवस होता. तो मी पुसण्याआधी ती सगळी अक्षरे, ‘ळ’ धरून, एकाच माणसाला मोबाइलवर पाठवली होती. त्या बोर्डाचे काम आल्याचे मी घरी बोलले होते, म्हणून त्याने दुपारी फोन करून ती मागितली होती. “ताई, आमच्या युनिटला त्या कंपनीच्या अक्षरात बोर्ड करायचाय, तुझ्याकडं कर्व्ह केलेली अक्षरं असतील तर टाक ना,” असे तो म्हणाला. मी कामात होते, आहे तशी फाइल पाठवली आणि विसरून गेले. तो माणूस म्हणजे संघर्ष धम्मरत्न ओव्हाळ, वय २४, चाकणच्या एका पॅकिंग युनिटमध्ये कंत्राटी कामगार. हवालदारसाहेबांनी ‘सदर इसम’ असे लिहिले होते, ते मी बदलायला सांगितले आहे. संघर्ष माझा सख्खा भाऊ आहे.

पाठवलेला संदेश माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. मोबाइल मी टेबलावर ठेवला आहे, पाहिजे तर जमा करून घ्यावा. मघापासून तो वाजतो आहे. आईचा फोन आहे. मी उचललेला नाही.

काल संध्याकाळी घरी गेल्यावर संघर्ष जेवायला बसला होता. मी विचारले, “तुला दिलेली अक्षरं कुणाला दिलीस?” तो म्हणाला, “बंटीला.” बंटी हा त्याच्या युनिटमधला सुपरवायझर आहे, पूर्ण नाव मला माहीत नाही. मी विचारले, “का?” त्यावर संघर्ष म्हणाला, “तो बोलला, तेवढं करून आण, तुला परमनंट लावतो.” साहेब, आमच्या घरात हा शब्द देवाधर्मासारखा आहे. वडील परमनंट होते म्हणून आम्ही दोघे शिकलो. संघर्षला दर काही महिन्यांनी कामावरून काढतात आणि पुन्हा घेतात. तो मूर्ख आहे हे मला मान्य आहे. पण लबाड नाही, हेही लिहावे.

त्याला कधी कळले असे मी विचारले. खोकी छापून आली तेव्हा कळले, असे तो म्हणाला. मी म्हणाले, “आणि मग गप्प बसलास? ते लायनर कुणाच्या गाडीला बसले असतील. तू रोज त्याच रस्त्यानं गाडीवर जातोस.” आफताबला पकडल्याचे त्याला माझ्याकडूनच समजले. त्यानंतर तो ताटावर हात तसाच ठेवून बसून राहिला.

आई मध्ये पडली. ती म्हणाली, “आफताबचा बाप दुकानदार हाय, वकील दील, सोडवून आणंल. आपल्या पोराला कोण हाय? तू कशाला तोंड उघडतीस?” मी आईला म्हणाले की वडील गेले तेव्हा मयताला खांदा द्यायला आफताब पहिला पुढे आला होता. ती म्हणाली, “मला म्हाईत हाय ते. मला सांगू नगं.” आणि ती रडायला लागली. आईचे हे बोलणे लिहू नये अशी विनंती मी आधी केली होती, पण लिहून झाल्यावर मी ते राहू द्यायला सांगितले. कोणतीही आई हेच बोलली असती. आफताबच्या आई, सुरय्याचाची, परवापासून ठाण्याच्या बाहेर बाकावर बसून आहेत. आज आत येताना त्यांनी माझा हात धरून विचारले, “मैत्री, तू काय सांगणार?” मी त्यांना “खरं ते सांगणार” एवढेच म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझा भाऊ यात आहे हे त्यांना माहीत नव्हते. त्या हाताची मला लाज वाटली.

आज सकाळी मी संघर्षला म्हणाले, “चल माझ्याबरोबर, आपण दोघं जाऊ.” तो “आवरतो” म्हणाला आणि मागच्या दाराने गाडी काढून शिफ्टला गेला. मी थोडा वेळ वाट बघितली आणि एकटी आले. त्याच्यावर मी रागावलेली आहे. त्याला युनिटच्या गेटवरून जीपमध्ये घालून आणू नये, त्याला निरोप द्यावा, तो येईल, अशी माझी विनंती आहे. साहेबांनी तसे आश्वासन देता येत नाही असे सांगितले. ते मला समजले.

दोन्ही ‘ळ’ शेजारी ठेवून तपासावेत. खाच असलेला मी काढला, तो मी भावाला पाठवला आणि भावाने बंटीला दिला. आफताबने तो फक्त एकदा बघितला आणि हसला. यापलीकडे त्याचा या फाइलशी संबंध नाही. फाइलवर नाव त्याचे असले तरी हात माझा आहे.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मीही कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. शेवटी ‘जबाब स्वखुशीने दिला आहे’ असे लिहिले होते, त्यातला ‘स्वखुशीने’ हा शब्द मी खोडायला लावला आहे आणि खोडलेल्या जागी सही केली आहे.

सही
मैत्री धम्मरत्न ओव्हाळ

समक्ष
(तपासी अंमलदार)