गाणं थांबलंच नाही

ड्रायव्हरच्या सीटमागे बसणाऱ्यांना नेहमी वाटतं, ड्रायव्हरला कान नसतात. राजधानीतल्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेहून परतणारी माणसं भरून त्याची बस निघाली, तेव्हा अगदी त्याच्या पाठीशी खेड्यातले एक पाळक आणि त्यांची बायको बसली होती.

“अहो, केवढं ते सभागृह! आपलं अख्खं गाव एका कोपऱ्यात मावलं असतं.”

“हं.”

“आपल्या चर्चमध्ये माणसं बोटांवर मोजण्याइतकी. गाणं मीच उचलायचं, मीच ओढत न्यायचं. मला ठसका लागला की सगळी मंडळी गप्प!”

“मागच्या रविवारी झालंच की.”

“आज गाता गाता तसाच ठसका लागला. मी थांबले. आणि गाणं थांबलंच नाही हो! माझ्याविना वर वर चाललं होतं, छप्पर उचलून नेतंय की काय असं. अंगावर काटा आला.”

ड्रायव्हरने हळूच रेडिओ बंद केला.

“इतकी वर्षं गातेय, पण गाणं नुसतं ऐकलं ते आज.”

“हं.”

“नुसतं हं काय? आणि तेव्हाच तुम्ही मागे वळून काय बघत होतात? मी मागच्याच रांगेत होते. पाणी हवं होतं का?”

“नाही.”

“मग?”

“तुझा आवाज येईना.”

“एवढ्या हजारो माणसांत?”

“लग्नापासून तुझ्याच आवाजाचं बोट धरून गातोय मी. तू थांबलीस, आणि मला पुढची ओळच आठवेना.”