पुढचा खिसा, जरा खोल

अहो, त्या पातेल्याची एवढी काय घाई होती, विवेकराव? गणपतीत नेलंत, दिवाळीला दिलं असतंत तरी चाललं असतं — आणि तेही घासूनपुसून, झाकणासकट! ह्या डॅलसजवळच्या अर्विंगच्या मराठी मंडळींकडे गेलेलं पातेलं झाकणासकट परत आलं, असं आठ वर्षांत पहिल्यांदाच घडतंय हो माझ्या बाबतीत. ठेवा तिथं, शिलाई मशीनच्या बाजूला. बायकोनं, शरयूनं पाठवलं का? — तिला माहीत नाही? बरं. — आणि ह्या तीन पँटी. कमरेत सैल करायच्या असतील, सगळ्यांच्याच करायच्या असतात, ह्या देशातलं दूधच तसं आहे — नाही? खिसा? पुढचा, उजवा, जरा खोल हवाय, आणि आतून जाड कापड. कशासाठी म्हणालात? चष्म्यासाठी. विवेकराव, चष्मा तर तुमच्या नाकावर आहे.

घाबरू नका हो, उत्तरावहिनी म्हणता ना मला, मग वहिनी काही पोलिसात जात नाही. तुम्ही चौथे. पहिला म्हणाला पाकिटासाठी, दुसरा म्हणाला किल्ल्यांसाठी, आणि तिसरा — नाव नाही सांगत, पण मंडळात आरतीचं तबक त्याच्याच हातात असतं — तो म्हणाला पानसुपारीच्या डब्यासाठी. डॅलसमध्ये विड्याचं पान दाखवा मला कुठे मिळतं ते! साडेसहा इंच लांब, नळी दोन इंचांची, चक्रात पाच गोळ्यांची घरं. बरोबर? माझा अंदाज चुकत नाही, आमच्याकडेही तीच आहे. आत्ता आहे का खिशात? — आहेच. पातेलं ठेवताना तुम्ही वाकलात ते एका अंगानं, तेव्हाच कळलं. काढा, ठेवा इथं टेबलावर. अहो मापाला लागते वस्तू, हवेवर कसा खिसा बेतू मी? — हं, अशी. नळी भिंतीकडे. आता खडूनं आखून घेते.

आमच्या ह्यांनी घेतली ती मागच्या वर्षी, कंपनीनं घरी बसवलं त्यानंतर. तेलाचे भाव पडले आणि बारा वर्षं ड्रिलिंगची डिझाइनं करणारा माणूस एका शुक्रवारी खोक्यात टेबलावरची कुंडी घेऊन घरी आला. — तुमचीही नोकरी तेलाचीच ना? ऑगस्टमध्ये गेली? हं, शरयू काही बोलली नाही मला. — तर घेतली कशाला, तर म्हणे चोर. मी म्हटलं, चोरानं न्यावं असं आपल्याकडे आहे काय, एक पुण्याहून आणलेला मिक्सर आहे, तो इथल्या करंटवर चालत नाही, नेला तर उपकारच होतील. पण नाही. आणि हा माणूस कोण, तर रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी स्टॉप साइनला पूर्ण थांबणारा, लायब्ररीचं पुस्तक आदल्या दिवशी परत करणारा! असली वस्तू खिशात घालून रस्त्यानं हिंडायला इथं कायद्यानं बंदी आहे, तेही त्यांनी लायब्ररीतच वाचलं, आणि तरी घालून हिंडायला लागले. घरात लेंगा. लेंग्याच्या खिशात ती. आता लेंगा कशावर उभा असतो, नाडीवर! चालायला लागले की उजवी बाजू खाली, डाव्या हातानं नाडी धरलेली, असे आमचे रक्षणकर्ते बेसमेंट नसलेल्या घरात गस्त घालायचे. मंडळाच्या गणपतीत साष्टांग नमस्कार घालायचा बंद केला — पोटाखाली येते ना — तर लोक म्हणाले, नोकरी गेली आणि देवावर राग काढतोय. पंगतीत मांडी घालता येईना, तर म्हणाले गुडघे गेले. हसा, हसा. मीही हसायचे. मीच पहिला खिसा शिवून दिला, चांगला डेनिमचा, दुहेरी टीप मारून.

मग एक दिवस मला म्हणाले, तू शिकून घे. चक्र कसं उघडायचं, काडतुसं कशी काढायची, कशी भरायची. मी म्हटलं मला कशाला, तर म्हणाले, मी नसताना यायला हवं. — मी नसताना. हेच वाक्य त्यांनी त्याच आठवड्यात गीझरची ती पायलटची ज्योत दाखवताना म्हटलं होतं, आणि गाडीचं ऑइल दाखवताना. घरातल्या सगळ्या किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधल्या, इंजिनिअरच्या अक्षरात. आणि लोकांच्या वस्तू परत करायला लागले हो. कुणाचा ड्रिल, कुणाची शिडी, नागपूरच्या एका डॉक्टरांची भगवद्गीता होती आमच्याकडे सहा वर्षं, तीसुद्धा कव्हर घालून नेऊन दिली. मी आपली सगळ्यांना कौतुकानं सांगत होते, बघा, रिकामपणामुळे शिस्त आली माणसाला. कसली शिस्त! बायकोला एवढं कळू नये? कळलं, पण उशिरा कळलं. आणि कळल्यावर काय करायचं? विचारायचं? विचारलं आणि हो म्हणाले तर? मी नाही विचारलं. भित्री आहे मी, विवेकराव, खरं सांगते.

पण खंडेनवमी आली. आमच्या सांगलीच्या घरी काय पूजेत ठेवायचे, विळी, अडकित्ता, वडिलांची करवत. इथं मी माझं मशीन ठेवते, कात्री ठेवते, ह्यांचा कॅल्क्युलेटर ठेवते. झेंडू मिळत नाही, ग्रोसरीतली पिवळी शेवंती चालवून घेतो आपण. मी म्हटलं, हत्यार आहे घरात तर पूजेत आलंच पाहिजे. ह्यांचा देवावर विश्वास नाही, आईच्या नेमांवर आहे — आणि सासूबाईंचा नेम असा, की पूजेत ठेवलेलं दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. निमूट काढून दिली. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, नमस्कार केला त्यांनी. दुपारी नोकरीच्या जाहिराती बघायला लायब्ररीत गेले आणि मी पाटापाशी बसले. चक्र उघडलं, पाच काढली. पण रिकामं ठेवून कसं चालेल, हातात घेतल्यावर वजन कळतं, आणि भरलेली असली की मागून काडतुसांच्या कडा दिसतात. तर हे एकदा नेमबाजीच्या क्लबात गेले होते, तिथून उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आणल्या होत्या आठवण म्हणून, कपाटातल्या काचेच्या वाटीत असायच्या. त्यातल्या पाच घातल्या. मागून बघितलं तर अगदी भरलेली. पुढून बघितलं तर कळलं असतं, पण पुढून कोण बघतं? दसऱ्याला शिलंगणाचं सोनं म्हणून कागदाची पानं दिली एकमेकांना, आणि त्यांनी पाटावरची ती वस्तू उचलून खिशात घातली. खरी पाच ह्या बॉबिनच्या डबीत आहेत — हे बघा, वाजतात.

पुढून कोण बघतं म्हटलं ना मी — बघतात. फेब्रुवारीत, दुपारचे तीन वाजले असतील. तेव्हा दुकान नव्हतं, घरीच शिवायची मी, गराजच्या अलीकडच्या खोलीत. धागा तुटला म्हणून मशीन थांबलं, नाहीतर मला ऐकूच आलं नसतं. टिक्. एवढंच. पलीकडून. पेन मिटल्यासारखा आवाज. मी सुई ओवायची सोडून तशीच बसून राहिले. उठून जायला पाहिजे होतं, नाही का? नाही गेले मी. मग बऱ्याच वेळानं गराजचं दार उघडलं, हे आत आले, चेहरा धुतलेला, आणि म्हणाले, चहा आहे का? मी केला. दोनदा साखर घातली त्यात, एकदा विसरून आणि एकदा आठवून. पूर्ण कप प्यायले. मग म्हणाले, तुझं मशीन आवाज करतंय, तेल घालून देतो. आणि घातलं.

हे कसं काय निघालं माझ्या तोंडातून — नेमबाजीच्या गमती सांगणार होते मी तुम्हाला. कुणालाही सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. ते अजून घालतात खिशात, त्याच पाच पुंगळ्या घेऊन. आता हार्डवेअरच्या दुकानात लोकांना स्क्रू शोधून देतात, संध्याकाळी येऊन दोन पोळ्या जास्त खातात. मला वाटतं त्यांना ठाऊक आहे. घालू देत. लेंगा खाली येतो तर येऊ दे, मी नाडी जाड केलीय. रागही येतो हो मला, अजून येतो, भाजी चिरताना येतो — त्या दिवशी ह्यांनी माझा विचार केला नाही म्हणून. केला असेल तर तो फक्त चिठ्ठ्या बांधण्यापुरता. मला किल्ल्या नको होत्या. — पाणी देऊ का? बसा ना खुर्चीत. नको? बरं, उभे राहा.

हं, पँटी. तीन खिसे म्हणजे वेळ लागणार मला. नाही, ती नका उचलू. मापाला लागेल, प्रत्येक खिशात घालून बघावी लागते, नाहीतर टीप ओढते. आणि उद्या खंडेनवमी आहे, माझ्याकडे पूजेत राहील, एकदा पूजेत ठेवली की दसऱ्यापर्यंत मी कुणाला हात लावू देत नाही, हे आता ऐकलंतच. हात मागे घ्या, विवेकराव. — ही बघा, ड्रॉवरमध्ये गेली, किल्ली माझ्या मंगळसूत्राला. दसरा झाला की शरयूला पाठवा. तुम्ही नका येऊ, तुम्हाला देणार नाही, शरयूलाच देईन, आणि तिच्याशी मला बोलायचंही आहे. सांगू नका म्हणता? सांगणार. माझ्याशी बोलू नका आयुष्यभर, चालेल मला. आणि हे पातेलं घेऊन जा. न्या म्हणते ना! रिकामं आहे म्हणून काय झालं. दिवाळी झाली की आणून द्या, तुम्ही स्वतः, झाकणासकट, मी वाट बघेन. — आता निघा. मला मशीन सुरू करायचंय, आणि ते सुरू झालं की मला कुणाचं काही ऐकू येत नाही.